सरावाला रेफरी नसतो: पंधरा वर्षांच्या बॉक्सरच्या डोक्याच्या दुखापतीचं प्रकरण

हे प्रकरण अभ्यासासाठी रचलेलं आहे. यातला मुलगा, क्लब, कोच, डॉक्टर यांपैकी कुणीही प्रत्यक्षातली व्यक्ती नाही. चुका मात्र सगळ्या खऱ्या आहेत. हौशी बॉक्सिंग शिकवणाऱ्या कुठल्याही हॉलमध्ये आठवडाभर उभं राहिलं तर यातल्या निम्म्या तरी डोळ्यांनी दिसतील.

काय घडलं

पुण्यातल्या पेठेतल्या एका शाळेचा हॉल. संध्याकाळी बाकं भिंतीला लागतात, शहाबादी फरशीवर जोडायच्या मॅट अंथरल्या जातात आणि चार खांबांना दोरी बांधून रिंग तयार होते. कोच एक, मुलं चौदा. ऑगस्टचा पहिला आठवडा होता आणि शालेय जिल्हा स्पर्धा पुढच्या शनिवारी, म्हणजे आठ दिवसांवर आलेली. दहावीच्या मुलांसाठी या स्पर्धेला दुहेरी वजन असतं, कारण पुढे क्रीडा सवलत गुणांचा हिशेब असतो. घरचेही त्यामुळेच सरावाला सोडतात.

मुलगा पंधरा वर्षांचा, दीड वर्षाचा सराव झालेला. नाव 54 किलो गटात दिलेलं. शुक्रवारी सकाळी काट्यावर 56.6 किलो भरलं. चार दिवस तो रात्री जेवत नव्हता, त्या दिवशी दुपारनंतर पाणीही बंद. संध्याकाळी प्लास्टिकचा रेनकोट घालून अर्धा तास स्किपिंग केलं आणि रेनकोट काढून लगेच स्पारिंगला, म्हणजे जोडीदाराशी सरावाच्या लढतीला, उभा राहिला. समोर अठरा वर्षांचा, 66 किलोचा, चार वर्षं खेळणारा मुलगा. त्याच्या वयाचा आणि वजनाचा दुसरा कुणी जोडीदार त्या दिवशी नव्हता म्हणून ही जोडी लागली.

दुसऱ्या राउंडमध्ये मोठ्या मुलाचा डावा हुक, म्हणजे बाजूने वळवून मारलेला ठोसा, हनुवटीच्या बाजूला बसला. मुलगा पडला नाही. गुडघे क्षणभर मोडले, दोन्ही हात कमरेपर्यंत खाली आले, नजर एका जागी थिजली. दोन सेकंदांत तो पुन्हा गार्डमध्ये, म्हणजे मुठी चेहऱ्यासमोर धरून, उभा होता. समोरचा मुलगा दचकून मागे सरकला होता, पण कोच तेव्हा दुसऱ्या जोडीकडे बघत होते. हातात मोबाइलचा टायमर. त्यांना फक्त दोघं थांबलेले दिसले आणि आवाज आला, "थांबू नका, खेळा!" राउंड संपल्यावर मुलाच्या तोंडावर पाणी मारलं, कुणीतरी मान चोळून दिली आणि तिसरा राउंडही पूर्ण झाला.

रात्री डोकं दुखत होतं. शनिवारी सकाळी उलटी झाली. आई म्हणाली, उपाशी राहतोस, पित्त झालंय. जवळच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं आणि पित्ताची व डोकेदुखीची गोळी दिली, कारण ठोसा लागल्याचं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. रविवारी मुलगा नदीपात्रात ढोल पथकाच्या सरावाला गेला आणि दहा मिनिटांत कानांवर हात ठेवून बाजूला बसला. ताशाचा आवाज सहन होईना. सोमवारी तो पुन्हा हॉलमध्ये हजर. समोरच्याने हातात धरलेल्या पॅडवर मारताना जॅब-क्रॉस-हुक हा ठोशांचा रोजचा क्रम चुकायला लागला, एकदा पॅडच हुकला. पॅड धरणाऱ्या सीनियर मुलीला हे विचित्र वाटलं. तिने ग्लोव्ह काढायला लावले आणि विचारलं, "शुक्रवारी काय झालं होतं?" त्याला तिसरा राउंड आठवतच नव्हता.

त्याच संध्याकाळी त्याला मोठ्या रुग्णालयात नेलं. उलटी, आठवणीतला खंड आणि न थांबणारी डोकेदुखी पाहून सीटी स्कॅन काढला. स्कॅन स्वच्छ होता. निदान: कन्कशन, म्हणजे मेंदूला बसलेला हादरा.

कागदावर एकही नियम मोडला नव्हता

या प्रकरणात सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट हीच आहे. हौशी बॉक्सिंगचे नियम बरेच कडक आहेत. लढतीआधी वैद्यकीय तपासणी होते, रिंगशेजारी डॉक्टर असल्याशिवाय लढत सुरू होत नाही, रेफरी बॉक्सर उभा असतानाही आठपर्यंत काउंट देऊ शकतो आणि कोच टॉवेल टाकून लढत थांबवू शकतो. डोक्यावरच्या ठोशांमुळे नॉकआउट झाला किंवा रेफरीने लढत थांबवली, तर आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे विश्रांती सक्तीची आहे. शुद्ध गेली नसेल तर किमान 30 दिवस, एक मिनिटापेक्षा कमी वेळ गेली असेल तर 90 दिवस, त्याहून जास्त असेल तर 180 दिवस. या काळात स्पर्धा नाही आणि स्पारिंगही नाही.

पण शुक्रवारी त्या हॉलमध्ये रेफरी नव्हता. काउंट दिला गेला नाही, म्हणून नोंद झाली नाही, म्हणून सक्तीची विश्रांतीही लागू झाली नाही. तोच हुक शनिवारच्या स्पर्धेत लागला असता तर रेफरीने नक्की हात मध्ये घातला असता, काउंट झाला असता, डॉक्टरांनी डोळे तपासले असते. बॉक्सर वर्षभरात जितके ठोसे खातो त्यातले बहुतेक सरावातले असतात, आणि सगळा कडक बंदोबस्त मात्र स्पर्धेच्या दिवसासाठी राखलेला. डोक्याला हे दोन दिवस वेगळे कळत नाहीत. म्हणून नियम मुळात हॉलमध्ये लागले पाहिजेत.

तो एक हुक

हनुवटीला बाजूने बसलेला ठोसा डोकं गर्रकन फिरवतो. कवटी फिरते, आतला मऊ मेंदू किंचित मागे राहतो आणि त्यातले बारीक तंतू ताणले जातात, पिळवटतात. कन्कशन मुख्यतः या पिळण्यातून होतं. त्यासाठी बेशुद्ध पडावं लागत नाही, आणि बहुतेक वेळा कुणी पडतही नाही. हाच पीळ जास्त जोराचा असेल तर मेंदू आणि त्याचं आवरण यांच्यामधल्या शिरा फाटून रक्त साचतं. रिंगमधल्या मृत्यूंचं सगळ्यात नेहमीचं कारण ते आहे, आणि त्याची लक्षणं कधीकधी काही तासांनी दिसतात.

हेडगार्ड या पिळाला थांबवत नाही. भुवई फुटणं, कान सुजणं, दोघांची डोकी आपटून जखम होणं यांपासून तो चांगला वाचवतो, आणि तेवढ्यासाठी सरावात तो हवाच. पण "हेडगार्ड होता ना" हे वाक्य कन्कशनच्या बाबतीत निरुपयोगी आहे. प्रौढ पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय लढतींतून 2013 मध्ये हेडगार्ड काढला गेला आणि 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुष त्याशिवाय खेळले. त्या निर्णयावर आजही वाद आहे. ज्युनियर, यूथ आणि महिला गटांत तो कायम राहिला. इथल्या मुलाने घातलेला हेडगार्ड क्लबचा, सगळ्यांनी वापरलेला, मागची वेल्क्रो पट्टी ढिली. घामाने तो डोळ्यावर सरकला आणि त्याच बाजूने हुक आला. न दिसणाऱ्या ठोशाला मान आवळून तयार राहत नाही, म्हणून तोच सगळ्यात वाईट. हेडगार्ड घालून मान जोरात हलवली तर तो कपाळावर अजिबात सरकता कामा नये, आणि हनुवटीच्या पट्ट्याखाली दोन बोटांपेक्षा जास्त जागा नसावी. यात बसत नसेल तर तो मुलगा त्या दिवशी टांगलेल्या बॅगवर मारेल, स्पारिंग करणार नाही.

ग्लोव्हचं थोडक्यात. मोठ्या मुलाच्या हातात 12 औंसाचे जुने ग्लोव्ह होते, बोटांच्या सांध्यांवरचं पॅडिंग गोळा होऊन बाजूला गेलेलं. स्पारिंगला 14 किंवा 16 औंस वापरावेत आणि बॅगवर मारायचे ग्लोव्ह स्पारिंगला कधीच घेऊ नयेत. सांध्यांवर अंगठा दाबून आतली मूठ हाताला लागली, तर तो ग्लोव्ह बाद.

राउंड तीन-तीन मिनिटांचे होते. ज्युनियर गटात, म्हणजे 15 आणि 16 वर्षांच्या मुलांना, स्पर्धेतही दोन मिनिटांचेच राउंड असतात. तिसरं मिनिट मोठ्या मुलाच्या सोयीचं होतं.

आणि फरशी. मुलगा पडला नाही हे नशीब. ठोशाने शुद्ध हरपलेला माणूस हात टेकत नाही, ओंडक्यासारखा मागे जातो आणि डोक्याची मागची बाजू जमिनीवर आपटते. स्पर्धेच्या रिंगमध्ये लाकडी फळ्यांवर मऊ थर आणि वर कॅनव्हास असतो. शहाबादी फरशीवरची पातळ मॅट पाय घसरू देत नाही, एवढंच. जोडणीच्या फटीत बूट अडकून पाय मुरगळतात ते वेगळंच.

वजन

कोचना विचारलं तर ते म्हणतील, वजनाचा डोक्याच्या दुखापतीशी काय संबंध? पण या प्रकरणाची सुरुवात काट्यावर झाली. 56.6 वरून 54 म्हणजे 2.6 किलो, शरीराच्या वजनाच्या साडेचार टक्क्यांहून जास्त, आणि तेही वाढीच्या वयात. शुक्रवारी स्किपिंगनंतर तो 55.2 वर आला होता, म्हणजे एका दिवसात 1.4 किलो कमी, आणि त्यातलं बहुतेक सगळं पाणी. शरीराच्या वजनाच्या दोन टक्के पाणी गेलं तरी पाय जड होतात, प्रतिक्रिया मंदावते, गार्ड खाली येतो. मुलगा हुक चुकवण्यात कमी पडला यात नवल नाही.

दुसरा तोटा निदानात झाला. डोकेदुखी, मळमळ, चक्कर, थकवा ही उपाशी आणि तहानलेल्या मुलाचीही लक्षणं आहेत आणि कन्कशनचीही. "वजन मारतोय" हे स्पष्टीकरण घरात तयार होतं, त्यामुळे दुसरं कुणी शोधलं नाही.

त्या मुलाचा खरा गट 57 किलोचा. तिथे समोरचे मुलगे उंच असतील, पहिल्या फेरीत हरेलही. पण पंधराव्या वर्षी उपाशी राहून खालचा गट गाठायला लावणं कुठल्याही कोचने करू नये, आणि रेनकोट घालून घाम काढायला तर हॉलमध्ये सरळ बंदी हवी. स्पारिंगच्या दिवशी सरावाआधी वजन करावं आणि आदल्या दिवसापेक्षा एक टक्क्यापेक्षा जास्त कमी भरलं तर स्पारिंग बंद. 56 किलोच्या मुलाला हे साधारण अर्धा किलो होतं. एक वही आणि शंभर ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा एवढंच लागतं.

शुक्रवारच्या त्या दोन सेकंदांनंतर काय करायला हवं होतं

आधी थांबवायचं. गुडघे मोडले, हात पडले, नजर थिजली, पाय लटपटले, यातलं एक जरी दिसलं तरी त्या मुलाचं त्या दिवसाचं स्पारिंग संपलं. "बरा आहेस का?" हा प्रश्न बिनकामाचा आहे, कारण प्रत्येक बॉक्सर हो म्हणतो. ग्लोव्ह काढून त्याला भिंतीला टेकून बसवायचं आणि विचारायचं: आपण कुठे आहोत? आत्ता कितवा राउंड झाला? आज कोणाबरोबर खेळलास? त्याआधी काय करत होतास? उत्तर चुकलं किंवा उशिरा आलं तर शंकाच उरत नाही. मात्र सगळी बरोबर आली म्हणून परत रिंगमध्ये पाठवायचं नाही. उत्तरं बरोबर देणाऱ्यालाही कन्कशन असू शकतं.

तोल तपासायला एका पायापुढे दुसरा पाय, टाचेला अंगठा लावून, हात कमरेवर, डोळे मिटून वीस सेकंद उभं करतात. यात एक मेख आहे. दोन राउंड खेळून दमलेला मुलगा तसाही डुलतो. म्हणून जूनमध्ये, हंगाम सुरू होताना, विश्रांती घेतलेल्या अवस्थेत प्रत्येकाची हीच चाचणी घेऊन वहीत लिहून ठेवावी. नंतर तुलना करायला काहीतरी हाताशी असतं.

तोंडावर पाणी मारणं, कांदा हुंगवणं, मान चोळणं किंवा कडकड मोडून "मोकळी" करणं यातलं काहीही करायचं नाही. मान तर विशेष, कारण ज्या ठोशाने मेंदू हादरला त्याने मानेलाही झटका दिलेला असतो. मुलगा बेशुद्ध पडला असेल तर डोकं आणि मान एका रेषेत धरून ठेवायची, माउथगार्ड काढून श्वास मोकळा आहे ना ते बघायचं आणि 108 ला फोन. पाणी पाजायचं नाही.

थेट रुग्णालयात नेण्याची लक्षणं हॉलच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लावलेली असावीत: शुद्ध हरपणं, फिट येणं, पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, एकाचे दोन दिसणं, हातापायात मुंग्या किंवा कमजोरी, मान दुखणं, वाढता गोंधळ किंवा चिडचिड. यातलं एक असलं तरी पुरे.

आणि फोन. कोचने शुक्रवारी रात्री आठ वाजता मुलाच्या घरी केलेला एक फोन हे सगळं प्रकरण सोमवारपर्यंत आणून ठेवण्याऐवजी तिथेच थांबवू शकला असता. "आज डोक्याला जोरात लागलंय, रात्री एकटा झोपवू नका, उलटी झाली किंवा डोकेदुखी वाढली तर लगेच रुग्णालयात न्या आणि ठोसा लागल्याचं पहिल्या वाक्यात सांगा, मनाने गोळ्या देऊ नका." ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या पहिल्या दिवशी टाळायच्या, कारण आत रक्तस्राव असेल तर त्या तो वाढवू शकतात. आईने पित्त म्हटलं यात तिचा दोष नाही, आणि डॉक्टरांनाही तिने सांगितलं तेवढंच माहीत होतं.

मुलगा शनिवार-रविवार आणि अर्धा सोमवार डोक्याला मार असताना हिंडला. या काळात दुसरा ठोसा लागला असता तर काय, या प्रश्नाचं उत्तर भयानक आहे. पहिला हादरा बरा होण्याआधी बसलेल्या दुसऱ्या, अगदी हलक्या ठोशानेही मेंदू झपाट्याने सुजू शकतो. हे क्वचित घडतं, पण ज्यांच्यात नोंदलं गेलं आहे ते मुख्यतः किशोरवयीन आणि तरुण खेळाडू आहेत.

स्कॅन स्वच्छ, तरी रिंग बंद

रुग्णालयातून बाहेर आल्यावर घरच्यांचा पहिला प्रश्न होता, "रिपोर्ट नॉर्मल आहे, मग शनिवारी खेळू दे ना?" कन्कशन सीटी स्कॅनमध्ये दिसत नाही. स्कॅन रक्तस्राव आणि हाड मोडलंय का ते सांगतो, तेवढ्यासाठीच तो असतो. डॉक्टरांनी स्पर्धा बंद केली आणि ते योग्यच झालं. सवलत गुणांची ती संधी गेली.

पहिले दोन दिवस विश्रांती, पण अंधाऱ्या खोलीत पडून राहणं नाही. घरात हिंडणं-फिरणं चालू, मोबाइल कमी. नंतर शाळा, आधी अर्धा दिवस. शाळा पूर्ण झेपल्याशिवाय सराव नाही, हा क्रम दहावीच्या मुलासाठी जास्तच महत्त्वाचा. त्याची लक्षणं बाराव्या दिवशी पूर्ण गेली. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी 2022 मध्ये ॲमस्टरडॅमला ठरवलेल्या सहा पायऱ्या बॉक्सिंगच्या भाषेत अशा बसतात. पहिली रोजचे व्यवहार. दुसरी चालणं आणि स्थिर सायकल, आधी हलकी, मग मध्यम. तिसरी एकट्याने शॅडो, म्हणजे हवेत ठोसे मारणं, आणि फूटवर्क. इथपर्यंत लक्षणं थोडी उरलेली असली तरी चालतं, फक्त व्यायामाने ती किंचितच आणि तासाभरापेक्षा कमी वेळ वाढायला हवीत. चौथ्या पायरीला लक्षणं पूर्ण गेलेली हवीत: बॅग आणि पॅड, पण पॅड धरणाऱ्याने उलट टोलवायचं नाही. पाचवी डॉक्टरांच्या लेखी परवानगीनंतर स्पारिंग, आणि सहावी स्पर्धा. प्रत्येक पायरीला किमान एक दिवस, चौथीपासून पुढे लक्षण परत आलं तर पुन्हा तिसऱ्या पायरीवर. स्किपिंग बिनधोक वाटतं, पण प्रत्येक उडीला डोकं हादरतं, म्हणून ते चौथ्या पायरीवर ठेवलं. ढोल पथकही तोपर्यंत बंद. कमरेला बांधलेलं वजन आणि ताशांचा आवाज, दोन्ही नकोत.

पाचव्या पायरीला घाई करता आली असती, लक्षणं गेलीच होती. पण 30 दिवसांचा किमान नियम सरावालाही लागू धरला आणि पहिलं स्पारिंग चौतिसाव्या दिवशी झालं. स्वतःच्या वजनाच्या मुलाशी, दोन मिनिटांचे दोन राउंड, फक्त बॉडीवर, म्हणजे डोक्यावर ठोसा नाही.

हॉलमध्ये काय बदललं

एका वेळी एकच जोडी. टायमर कोचच्या हातातून काढून भिंतीवर टांगला. जोडीच्या वजनात चार किलोपेक्षा जास्त फरक नाही, आणि जोडीदार नसेल तर त्या दिवशी पॅड.

सगळ्यात परिणामकारक बदल साधा होता. स्पारिंगमधला कोणताही मुलगा मागे सरकून हात वर करून "थांब" म्हणू शकतो, स्वतःसाठी किंवा समोरच्यासाठी, आणि त्यावर कोचने "खेळा" म्हणायचं नाही. शुक्रवारी सगळ्यात जवळून ते दोन सेकंद मोठ्या मुलानेच पाहिले होते. त्याला थांबायचा अधिकार असता तर कोचची नजर कुठे होती याने फरक पडला नसता. पहिल्या महिन्यात हा हात तीनदा वर झाला. दोनदा काहीच नव्हतं, सराव एक मिनिट थांबला. तिसऱ्यांदा एका मुलीचा माउथगार्ड पडला होता.

दुखापत-वहीत तारीख, जोडी, काय दिसलं, घरी फोन किती वाजता केला आणि परत कधी यायचं, एवढे रकाने. वही सीनियर मुलीकडे, कोचकडे नाही. स्पर्धेच्या तोंडावर कोचवर निकालाचं ओझं असतं आणि थांबवायचा निर्णय त्याच खांद्यावर टाकू नये.

108 साठी हॉलचा पूर्ण पत्ता, गल्लीची खूण आणि गेटच्या किल्लीची जागा फळ्यावर लिहिली. गणपतीच्या दहा दिवसांत पेठांमधले रस्ते संध्याकाळी बंद असतात आणि ॲम्ब्युलन्स गल्लीत शिरणं अवघड होतं, म्हणून त्या दिवसांत संध्याकाळी स्पारिंग ठेवायचंच नाही असं ठरलं. मुलाचा चौतिसावा दिवस नेमका त्याच दहा दिवसांत येत होता. त्याचं ते स्पारिंग म्हणून सकाळी सात वाजता घेतलं.

फरशीचा प्रश्न सुटलेला नाही. खाली लाकडी फळ्या आणि वर जाड थर टाकायचा तर शाळेची परवानगी लागते आणि रोज उचलून ठेवायला जागा लागते. ते होईपर्यंत डोक्यावरचं स्पारिंग महिन्यातून दोन रविवारी, दुसऱ्या क्लबच्या खऱ्या रिंगमध्ये, आणि पेठेतल्या हॉलमध्ये फक्त बॉडी.